मृगया, पारध आणि पोटाची शिकार : चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यलेखनाचा एक विचार

ताडोबाच्या तळ्याकाठी तारू नावाच्या गोंड वीराचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना तो मरण पावला आणि मरणोत्तर देव झाला, अशी लोककथा आहे. त्याच्याच नावावरून तळ्याला व पुढे साऱ्या अरण्याला नाव मिळाले, असे मानले जाते. पौष महिन्यात या ठाण्याजवळ आदिवासींची जत्रा भरत असे. या कथेत माणूस हरतो आणि हरल्यामुळेच पूज्य ठरतो. त्याच अरण्याविषयी इंग्रजीत व मराठीत जे शिकारलेखन झाले, त्यात मात्र माणूस सहसा जिंकतो. आणि जिंकणारा तारूच्या कुळातला नसतो.

प्रस्तुत विवेचनाचा विषय वन्यप्राण्यांची संख्या अथवा वनव्यवस्थापन हा नाही. करमणुकीसाठी केलेली शिकार आणि पोटासाठी केलेली शिकार या दोहोंना साहित्याने कोणती भाषा दिली, आणि शिकारीवर बंदी आल्यानंतर त्या भाषेचे काय झाले, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे जुन्या चांदा जिल्ह्याचे भाग होत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. मराठी अरण्यलेखनातील दोन महत्त्वाची ठिकाणे, नागझिरा आणि नवेगावबांध, आजच्या गोंदिया जिल्ह्यात येतात. तथापि वैनगंगेच्या खोऱ्यातील हा वनपट्टा सलग आहे, आणि गोंड, ढिवर, कोहळी या समाजांचे जीवनही जिल्ह्यांच्या सीमा पाहून विभागलेले नाही. म्हणून त्या लेखनाचा विचार येथे अपरिहार्य ठरतो.

शब्दांची उतरंड

मराठीत या क्रियेला निदान तीन नावे आहेत. 'मृगया' ही राजाची. 'शिकार' हा फारसी शब्द दरबाराच्या वाटेने आला आणि सर्वांचा झाला. 'पारध' हा शब्द लोकांचा. त्याचे मूळ संस्कृत 'पापर्द्धि', म्हणजे पापाची वृद्धी, या शब्दात सांगितले जाते; प्राकृतातील 'पारद्धि' या रूपामधून तो मराठीत उतरला. शब्दाच्या प्रवासात पापाचा अर्थ पुसला गेला हे खरे. परंतु ज्यांना त्या क्रियेवरून नाव मिळाले त्या पारधी समाजाच्या माथी ते पाप दुसऱ्या वाटेने परत आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची कक्षा पुढे वाढत गेली व पारधीही तिच्यात ओढले गेले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण त्या संशयाला मूठमाती मिळाली नाही. 'राजा मृगयेस गेला' या वाक्यात वैभव आहे, 'साहेब शिकारीला गेले' यात प्रतिष्ठा आहे, आणि 'पारधी रानात शिरला' या वाक्यात चौकशीची सुरुवात आहे. तिघांच्या हातून जनावर मात्र सारखेच मरते.

इंग्रजी अमदानीने या यादीत चौथा शब्दप्रयोग घातला : चोरटी शिकार. चोरी म्हटली की मालक आला. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांवर सरकारची मालकी दृढ केली आणि त्याच वर्षीच्या शस्त्र कायद्याने बंदूक बाळगण्यासाठी परवाना आवश्यक केला. त्या परवान्यातून युरोपियनांना सूट होती. रानातील डुकराने धानाची बांधी उद्ध्वस्त केली म्हणून फास लावणारा शेतकरी या दोन कायद्यांच्या मध्ये सापडला. उलटपक्षी ज्याच्यापाशी परवाना होता, ठरवून दिलेले शिकारीचे क्षेत्र होते आणि रजा होती, त्याची शिकार नियमबद्ध ठरली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नियमांनी केवळ प्राण्यांचे रक्षण केले नाही, तर शिकाऱ्याला एक नैतिक पोशाखही शिवून दिला. 'आम्ही मादी मारीत नाही', 'बसलेल्या पाखरावर गोळी झाडीत नाही', 'जखमी जनावर सोडून येत नाही' ही सभ्य शिकाऱ्याची व्रते होती. ती खोटी नव्हती. परंतु ज्याला रात्रीची चूल पेटवायची आहे त्याला बसलेले पाखरू सोडून देण्याची चैन परवडत नाही, आणि म्हणून त्या व्रतांच्या मापाने तो सदैव असभ्य ठरला.

शिकारकथेचा साचा

जेम्स फोर्सिथ यांचे मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरील प्रसिद्ध पुस्तक १८७१ साली निघाले. त्याच्या उपशीर्षकात जंगले, रानटी जमाती, निसर्गेतिहास आणि शिकारीचे खेळ ही चार नावे एका ओळीत येतात. या ओळीवर थोडे थांबावे लागते. येथील माणूस हा येथील झाडापेक्षा आणि जनावरापेक्षा वेगळ्या प्रकरणाचा विषय आहे असे लेखकाला वाटलेले नाही. सारेच पाहण्याचे, नोंदण्याचे आणि शिकारीच्या सहलीत अनुभवण्याचे पदार्थ आहेत. फोर्सिथ यांचे निरीक्षण बारीक आहे, प्रदेशावर त्यांचे प्रेमही आहे. पण ते प्रेम मुक्कामाला आलेल्या माणसाचे आहे. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डनबार ब्रँडर यांच्या मध्य भारतातील वन्यप्राण्यांवरील ग्रंथात ही दृष्टी पुष्कळ पालटलेली दिसते. ते वनाधिकारी होते. प्राण्याच्या सवयी, त्याची वाढ, त्याचे कळपातील वर्तन यांत त्यांना जो रस आहे तो शिंगांच्या लांबीपलीकडे जाणारा आहे. शिकाऱ्यातून निसर्ग-अभ्यासक कसा घडतो याचा तो चांगला दाखला होय. माणसाच्या बाबतीत मात्र तसे स्थित्यंतर घडत नाही.

या प्रकारच्या शिकारकथेचा साचा ठरीव असतो. प्रथम 'खबर' येते : अमुक गावी वाघाने म्हैस मारली. मग मुक्काम हलतो, पाटील-कोतवालाकडून माणसे गोळा होतात, मचाण बांधले जाते. त्यानंतर हाका. पन्नास-शंभर माणसे डफ, डबे, काठ्या घेऊन अर्धवर्तुळात रान झोडपत पुढे सरकतात आणि झाडावर बसलेल्या एका माणसाच्या बंदुकीपुढे जनावर आणून सोडतात. गोळी सुटते. जनावर जखमी होऊन झुडपात शिरले तर माग काढण्याचा थरार येतो. तेथे कथेचा कळस असतो. शेवटी मोजमाप. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत खुंट्या ठोकून सरळ रेषेत मोजायचे की अंगाच्या वळणांवरून फीत फिरवून मोजायचे, यावर शिकाऱ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला, कारण दुसऱ्या रीतीने वाघ काही इंच लांब भरतो. हा वाद वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. वाघाच्या लांबीतले इंच नोंदवले गेले, पण हाक्यातल्या माणसांची नावे बहुधा नोंदवली गेली नाहीत.

हाका ही खरे तर या सगळ्या प्रसंगातील सर्वांत धोक्याची जागा. मचाणावरचा माणूस जमिनीपासून पंधरा-वीस फूट उंच असतो. हाकेवाला जमिनीवर, हाती काठी घेऊन, चिडलेल्या जनावराच्या मागे असतो. शौर्य मोजायचेच तर मोजपट्टी कोणाला लावावयाची, हा प्रश्न साच्यातच उद्भवत नाही, कारण कथेचा निवेदक मचाणावर असतो. जे त्याला दिसते तेच वाचकाला दिसते. खाली रान हलते आहे, आरोळ्या येताहेत, पण माणसे दिसत नाहीत. निवेदनाच्या जागेने एका समाजाला आवाज दिला पण चेहरा दिला नाही, असे येथे म्हणता येईल. वसाहतकाळात अधिकाऱ्यांच्या मुक्कामासाठी बेगार घेण्याची पद्धत होती हे ध्यानात घेतले, तर या अदृश्यतेमागे केवळ वाङ्मयीन संकेत नव्हता हेही कळून येते.

गळाच्या शिकारीचे साहित्य त्या मानाने थोडे. हेन्री सलिव्हन थॉमस यांचा भारतातील गळकामावरचा ग्रंथ १८७३ चा. गळाने मासे धरणाऱ्या साहेबांना तो दीर्घकाळ आधारभूत वाटला. तेथेही महसीरची किंमत ठरते ती त्याने किती वेळ झुंज दिली यावर. ज्या माशाला लढता येत नाही तो खेळाच्या दृष्टीने निरुपयोगी. वैनगंगेच्या काठच्या ढिवराला हा निकष ऐकवला असता तर त्याने काय म्हटले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

बंदूक खाली ठेवल्यानंतर

ताडोबात १९३५ मध्ये शिकार बंद झाली आणि १९५५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी १९७० मध्ये आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून हौसेने शिकार करण्याचा मार्ग व्यवहारतः पूर्ण बंद झाला. मराठी लेखनात याच काळात एक मोठे वळण आले. त्याचे श्रेय प्रथम व्यंकटेश माडगूळकर यांना द्यावे लागते.

माडगूळकर स्वतः शिकार केलेले लेखक. 'नागझिरा' (१९७९) मध्ये ते अरण्यात जातात ते बंदुकीशिवाय, पाहण्यासाठी व रेखाटण्यासाठी. या छोट्या पुस्तकाचे सामर्थ्य त्याच्या संयमात आहे. लेखक अरण्यावर भावना लादत नाही. पाणवठ्यावर काय आले, कसे आले, किती वेळ थांबले, हे तो सांगतो आणि गप्प बसतो. ही शिस्त त्यांनी कोठून आणली, हे समीक्षेत फारसे विचारले गेलेले नाही. वारा कोणत्या अंगाने वाहतो हे पाहून बसणे, सावलीत अंग लपविणे, पाणवठ्याची वेळ ओळखणे, माग वाचणे, आणि मुख्य म्हणजे तासन्‌तास न हलता राहणे ही सारी शिकाऱ्याची विद्या आहे. गोळी तेवढी वजा झाली आहे. त्या अर्थाने 'नागझिरा' हे शिकारकथेचे खंडन नसून तिचे शुद्धीकरण आहे. 'सत्तांतर' (१९८२) मध्ये ही दृष्टी आणखी पुढे जाते. वानरांच्या टोळीतील सत्तेचा बदल, नव्या हुप्प्याने केलेली पिलांची हत्या, टोळीची घडी पुन्हा बसणे, या सर्वांचे वर्णन इतके निर्लेप आहे की मराठीत त्याला तोड नाही. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला मिळाला, तो उचितच होय.

परंतु शुद्धीकरण म्हणजे परिवर्तन नव्हे. मचाणावरची जागा माडगूळकरांनी सोडली नाही. तेथून काय पाहायचे तेवढे बदलले. त्यांच्या अरण्यात एकांत हे मूल्य आहे. माणसे येतात ती चौकीदार, वाटाड्या, स्वयंपाकी म्हणून, आणि लेखक त्यांच्याशी आपुलकीने वागतो. तथापि हे अरण्य त्या माणसांचे घर, कोठार व देवघर असू शकते ही जाणीव कथनाच्या केंद्रात येत नाही. एकांताचा अनुभव घेण्यासाठी अरण्य निर्मनुष्य असावे लागते, आणि विदर्भातील अरण्य निर्मनुष्य कधीच नव्हते. हा माडगूळकरांचा दोष म्हणावा की त्यांच्या प्रकृतीची मर्यादा, याविषयी मतभेद होऊ शकतो. 'बनगरवाडी' लिहिणाऱ्या लेखकाला माणसे दिसत नव्हती असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. माणदेशात ती दिसली कारण तेथे ते पाहुणे नव्हते. मास्तर म्हणून आलेला निवेदकही त्या मुलखाचाच होता. नागझिऱ्यात ते पाहुणे होते, आणि पाहुण्याला अंगण दिसते, माजघर दिसत नाही.

याच १९७९ साली चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. मात्र मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्या एकाच पानावर याव्यात आणि कोणीही त्या एकत्र वाचू नयेत, हे अभ्यासकांच्या सवयीविषयी पुष्कळ काही सांगणारे आहे.

गुन्हेगार आणि गुरू

मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांची भूमिका अधिक गुंतागुंतीची. ते वनाधिकारी होते. शिकार रोखणे ही त्यांची नोकरी होती. त्याच वेळी त्यांच्या लेखनाचा कच्चा माल, म्हणजे पक्ष्यांची स्थानिक नावे, प्राण्यांच्या सवयी, झाडांचे उपयोग, रानातले संकेत, हा रानात वावरणाऱ्या माणसांकडून आलेला आहे. ज्याला जनावराचा माग कळतो तो कधीकाळी माग काढून जनावर मारीत आला, हे उघड आहे. खात्याच्या दप्तरात जो संभाव्य गुन्हेगार, तोच लेखकाच्या वहीत गुरू, असा हा पेच आहे. चितमपल्लींनी तो पेच सोडवला नाही. पण गुरूचे ऋण लपवलेही नाही, ही त्यांची मोठी कमाई. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणकाराला त्यांच्या लेखनात नाव आहे, चेहरा आहे. शिकारकथेतल्या अनाम हाकेवाल्यापासून हे अंतर फार मोठे होय.

शिकारीतून ज्ञान कसे उपजते याविषयी त्यांना जुनी ओढ असावी. हंसदेव या तेराव्या शतकातील जैन पंडिताचे 'मृगपक्षिशास्त्र' त्यांनी मराठीत आणले. त्या ग्रंथाच्या जन्माची परंपरागत कथा अशी की, शिकारीला गेलेला राजा प्राण्यांच्या सौंदर्याने थबकला आणि त्यांच्याविषयी ग्रंथ व्हावा असे त्याच्या मनात आले. येथेही ज्ञानाची इच्छा राजाची आणि लेखणी पंडिताची. राजाला त्या प्राण्यांपर्यंत नेणारा पारधी कथेत नाही.

चितमपल्लींच्या लेखनाची एक उणीव येथे सांगणे भाग आहे. प्रत्यक्ष निरीक्षण, ऐकीव माहिती आणि दंतकथा यांच्या सीमा ते पुष्कळदा पुसट ठेवतात. वाचकाला मोहिनी पडते, पण अभ्यासकाला अडचण होते. आणि ज्याच्याकडून माहिती मिळाली त्या माणसावरही नकळत अन्याय होतो, कारण त्याचे काटेकोर, अनुभवसिद्ध ज्ञान गूढतेच्या धुक्यात मिसळून जाते. गोंडाला पावसाचा अंदाज कळतो तो जादूने नव्हे, तर चाळीस पावसाळे पाहिल्याने.

नवेगावबांध आणि भोवतालचा प्रदेश हा तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेले, मालगुजारांच्या ताब्यात राहिलेले आणि मालगुजारी संपुष्टात आल्यावर शासनाकडे गेलेले हजारो लहानमोठे तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत पसरले आहेत. बोलीत त्यांना मामा तलाव म्हणतात. माजी मालगुजारी या शब्दांचा तो संक्षेप आहे. ढिवरांच्या मासेमारी सहकारी संस्था ते ठेक्याने घेतात. मरळ, शिंगी, मागूर, शिवडा या जुन्या माशांच्या जोडीला कतला, रोहू यांचे बीज सोडण्याची पद्धत रुळली, आणि उत्पादनाच्या हिशेबात स्थानिक मासे मागे पडले. वस्तुतः मराठी अरण्यलेखनाला हा विषय किती समृद्ध सामग्री पुरवू शकला असता! तलावातल्या वनस्पतीवरून कोणता मासा कोठे अंडी घालील हे सांगणारा ढिवर हा माग काढणाऱ्या गोंडाइतकाच जाणता. पण वाघाभोवती जे वलय आहे ते मरळीभोवती नाही. चितमपल्लींनी तळ्याकडे पाहिले, हे खरे. तथापि त्यांच्याही लेखनात तळ्याचे नायक पक्षीच राहिले. पाण्यावर उतरणारे हंस आणि बदके ही शोभा होती, पाण्याखालचे मासे ही मजुरी.

हेमलकशाचा सौदा

भामरागडजवळ इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांचा संगम आहे. तेथून जवळच हेमलकसा येथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथील अनुभवांवर आधारलेले लेखन, म्हणजे विलास मनोहर यांचे 'नेगल' आणि डॉ. प्रकाश आमटे यांचे 'प्रकाशवाटा', हे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कळीचे आहे, कारण येथे मराठी लेखक प्रथमच मचाणावरून खाली उतरतो.

एक प्रसंग सर्वपरिचित आहे. जंगलातून परतताना आमटे यांना शिकार करून येणारे माडिया भेटले. त्यांच्याजवळ मारलेली माकडीण होती आणि तिच्या छातीला तिचे जिवंत पिल्लू बिलगलेले होते. पिलाचे काय करणार असे विचारता, तेही खाणार, असे उत्तर आले. आमटे यांनी धान्याच्या बदल्यात ते पिल्लू मागून घेतले. त्या पिलाचे नाव पुढे 'बबली' पडले आणि हेमलकशाच्या प्राणी-अनाथालयाची ती सुरुवात ठरली. त्यानंतर मारलेल्या जनावरांची पिल्ले माडिया तेथे आणून देऊ लागले.

हा प्रसंग सहसा करुणेची कथा म्हणून सांगितला जातो, आणि ती आहेच. पण वाङ्मयीन दृष्ट्या त्याचे महत्त्व निराळे आहे. शिकारलेखनाच्या शंभर वर्षांत प्रथमच येथे कोणी शिकाऱ्याला 'तू का मारतोस?' असा प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून घेतले. उत्तर होते भूक. त्या उत्तराला आमटे यांनी प्रवचन दिले नाही, वन कायद्याचे कलम सांगितले नाही, तांदूळ दिला. सौदा झाला. सौद्यात दोन्ही पक्ष माणसे असतात, हे या प्रसंगाचे सार म्हणता येईल. 'नेगल' या पुस्तकातील प्राण्यांची चित्रे हृद्य आहेत. बिबट्या, अस्वल ही केवळ जनावरे न राहता घरातली मंडळी होतात. वाचकाला त्यांच्या आजारपणाची काळजी लागते. मात्र त्या प्रेमाच्या पार्श्वभूमीवर भुकेचा मूळ संदर्भ हळूहळू मागे सरतो, हेही नमूद केले पाहिजे. बबलीचे नाव महाराष्ट्राला माहीत झाले. तिच्या आईची शिकार करणाऱ्या माणसांची नावे कोणी विचारली नाहीत, आणि त्या संध्याकाळी त्यांच्या घरी किती तोंडे होती हेही नाही.

मनोहर यांनी ही उणीव 'एका नक्षलवाद्याचा जन्म' या कादंबरीत काही अंशी भरून काढली. तेथे माडिया तरुण जुरू हा कथानकाचा कर्ता आहे आणि जंगल हे त्याच्या डोळ्यांनी दिसते. वनरक्षक, ठेकेदार, पोलीस हे त्या जंगलातले खरे हिंस्र पशू होत, असे कादंबरी सुचवते. क्वचित ती ते फार मोठ्याने सुचवते. तरीही मराठीत शिकाऱ्याचे आणि सावजाचे नाते इतक्या स्पष्टपणे उलटवून दाखवणारी दुसरी कृती सहज आठवत नाही. विनायक तुमराम यांचा 'गोंडवन पेटले आहे' आणि उषाकिरण आत्राम यांचा 'मोट्यारिन' हे कवितासंग्रह याच अंगाने वाचावयास हवेत. त्यांच्यापुढे अरण्य हे पर्यटनाचे स्थळ म्हणून उभे राहत नाही. जे हिरावले गेले त्याचे ते नाव आहे.

नवी मृगया

शिकार बंद झाली, पण तिच्या भाषेने घर बदलले. ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प १९९५ मध्ये अस्तित्वात आला. आज त्याच्या दरवाजांवर पहाटे उघड्या गाड्यांची रांग लागते. परवाना असतो, ठरलेला मार्ग असतो, वाटाड्या असतो, 'खबर' असते. वाघ दिसला की नाही यावर दिवसाचे यश ठरते, आणि दिसला तर छायाचित्राच्या रूपाने तो घरी नेला जातो. मोजमापाची जागा छायाचित्रांच्या संख्येने घेतली आहे. यात कोणाचा जीव जात नाही, आणि हा फरक अर्थातच निर्णायक आहे. वाटाडे व चालक म्हणून स्थानिक तरुणांना रोजगार मिळतो हेही विसरता येत नाही. तरीही अलीकडच्या मराठी व्याघ्रवर्णनांत जुन्या शिकारकथेचा साचा जसाच्या तसा उतरलेला पाहून वाचक थबकतो : प्रतीक्षा, सांबराचा इशारा, झुडपातली हालचाल, क्षणाचा थरार, परतीचा विजय. आणि वाटाडा पुन्हा एकदा अनामच असतो.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या जंगलात, २ नोव्हेंबर २०१८ रोजी एक वाघीण गोळी घालून मारण्यात आली. तिच्याशी १३ माणसांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला होता. प्रकरण उच्च व सर्वोच्च न्यायालयांपर्यंत गेले, तिला ठार करण्याच्या रीतीवर देशभर वाद झाला, आणि त्यातील अनेक आक्षेप गंभीर होते. येथे त्या वादाचा निवाडा अपेक्षित नाही. भाषेचा अभ्यासक फक्त एवढे टिपून ठेवील की, 'अवनी' हे वाघिणीचे नाव शहरांतल्या वाचकांच्या तोंडी झाले, तर मरण पावलेली माणसे 'गावकरी' या सामान्यनामापलीकडे गेली नाहीत. तारूची कथा ज्या समाजाने सांगितली त्याने वाघाकडून मारल्या गेलेल्या माणसाचे नाव जपून ठेवले होते.

कायद्याने मात्र एक रेषा आखली आहे, जिच्याकडे साहित्याचे लक्ष गेलेले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात मासे व जलाशयातील इतर उत्पन्न यांवरचा सामूहिक हक्क मान्य झाला. शिकार आणि प्राणी फासात पकडणे यांना मात्र पारंपरिक हक्कांतून स्पष्टपणे वगळले गेले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये. पुढे गडचिरोलीत अशा गावांची संख्या पुष्कळ वाढली. संरक्षणाच्या दृष्टीने ही रेषा समर्थनीय आहे, कारण रानात आता पूर्वीइतकी जनावरे नाहीत. पण गोंड-माडिया जीवनात बियाण्याशी निगडित पंडुम आणि सामूहिक पारध ही एकाच विधीची अंगे होती. एका अंगाला हक्क आणि दुसऱ्याला गुन्हा असे नाव मिळाले की, विधीचे, त्यातल्या गाण्यांचे आणि वाटणीच्या नियमांचे काय होते, हा प्रश्न समाजशास्त्राइतकाच वाङ्मयाचाही आहे.

गडचिरोलीत २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या वर्गांत एटापल्ली, अहेरी, भामरागड, सिरोंचा, गोंडपिपरी या तालुक्यांतील मुले बसतात. 'नागझिरा' शिकवताना त्यांच्यासमोर एकांताचे सौंदर्य उलगडले जाते, आणि ते उलगडले जावेच. मात्र वर्गातल्या एखाद्या मुलाचा आजा कधी काळी हाक्यात डबा वाजवीत चालला असेल; त्याला त्या दिवशी काय दिले गेले, रान कोणत्या अंगाने झोडपले, कोण जखमी झाले, हे त्या घरात अजून कोणाला तरी ठाऊक असण्याचा संभव आहे. मराठी विभागांनी क्षेत्रकार्याचा विषय म्हणून ते लिहून घेण्यास आरंभ केला तर शिकारकथेचा दुसरा अर्धा भाग उपलब्ध होईल. पहिल्या पावसात बांधीत चढणारे मासे, खेकडे आणि शिंपले एकाच टोपलीत गोळा करून घरी आणणाऱ्या माडिया स्त्रीपासूनही सुरुवात करता येईल. ती करमणुकीला गेलेली नसते, आणि परवान्याचा प्रश्न तिला अजून तरी कोणी विचारलेला नाही.